₹ पाठवला, चौकोन पोचला: ईमेल आणि वेबपानांवर विशेष चिन्हं बिनचूक कशी वापरावीत

सोसायटीच्या सगळ्या सभासदांना एकच ईमेल जातो. विषयाच्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘देखभाल शुल्क ₹२,५००, मुदत ३१ तारखेपर्यंत’. बहुतेकांना ते जसंच्या तसं दिसतं. दोघा-चौघांना ₹ च्या जागी रिकामा चौकोन दिसतो, एखाद्याला प्रश्नचिन्ह, तर एखाद्याला ओळच्या ओळ अगम्य अक्षरांची. पाठवणारा म्हणतो, ‘माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय.’ ते खरंच असतं, पण प्रश्न पाठवणाऱ्याच्या पडद्याचा नसतोच.

चिन्ह म्हणजे चित्र नव्हे. ते ‘अ’ किंवा ‘क’ सारखं एक अक्षर आहे आणि युनिकोडच्या, म्हणजे जगभरातल्या लिपींच्या सामायिक यादीत त्याला ठरलेला क्रमांक आहे. ₹ चा ८३७७, © चा १६९, ॐ चा २३८४. तुमच्याकडून निघतो तो हा क्रमांक. तो बाइटांमध्ये साठवला जातो, पलीकडे पुन्हा वाचला जातो आणि मग तिथल्या फाँटात त्या क्रमांकाचा आकार शोधला जातो. साठवण, वाचन आणि फाँट यांपैकी नेमकं काय बिघडलं, हे चिन्हाच्या जागी काय दिसतं त्यावरून ओळखता येतं. म्हणून उपाय शोधण्याआधी लक्षण नीट पाहावं.

लक्षणावरून निदान

□ असा रिकामा चौकोन दिसला तर मजकूर शाबूत आहे. क्रमांक बरोबर पोचला, फक्त समोरच्या उपकरणातल्या फाँटात तो आकार नाही. ₹ ला केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये त्याला क्रमांक मिळाला. त्यापूर्वीचे फाँट अजून ज्या संगणकांवर आहेत, तिथे चौकोन दिसणारच. मधल्या काळात काही जणांनी साध्या विरामचिन्हाच्या जागेवर ₹ चा आकार बसवलेले फाँट वाटले होते. त्या फाँटात लिहिलेल्या जुन्या फाइली आज उघडल्या की रकमेआधी ` अशी तिरकी टिचकी दिसते. अशा फाइलींमध्ये ती खूण शोधून तिच्या जागी खरा ₹ बसवावा.

? असं प्रश्नचिन्ह दिसलं तर मात्र मजकूर गेला. वाटेत कुठेतरी तो जुन्या, मोजक्याच अक्षरांच्या पद्धतीत साठवला गेला, तिथे ₹ ला जागा नव्हती आणि त्याच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. ते परत मिळवता येत नाही, मूळ प्रतीवरूनच पुन्हा पाठवावं लागतं.

� हा काळ्या हिऱ्यातला प्रश्न वेगळा. यूटीएफ-८ (युनिकोडचे क्रमांक बाइटांत साठवायची आजची नेहमीची पद्धत) समजून वाचताना बाइट अर्धवट किंवा चुकीचे निघाले, असं तो सांगतो.

चौथं लक्षण मराठी मजकुरात सगळ्यात जास्त घाबरवतं, पण खरं तर ते सगळ्यात सौम्य आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ आणि त्यामागे ¤ किंवा ¥, हीच जोडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो यूटीएफ-८ मधला देवनागरी मजकूर आहे आणि तो जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचला जातोय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि त्यातले पहिले दोन जवळजवळ तेच राहतात. म्हणून तीच ती जोडी दिसते. ₹ ची अशी अवस्था झाली की टोपीवाला ‘ए’, खाली टेकलेलं एकेरी अवतरणचिन्ह आणि वर चढवलेला छोटा १ दिसतो. यात काहीही हरवलेलं नाही. फायरफॉक्समध्ये व्ह्यू मेनूतलं ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबलं की पान बऱ्याचदा सरळ होतं. मात्र अशा बिघडलेल्या मजकुराची नक्कल करून तो पुन्हा साठवू नका. दोनदा बिघडलेला मजकूर उलगडणं फार जिकिरीचं होतं.

आणखी एक, ◌ हे ठिपक्यांचं वर्तुळ. आधाराला व्यंजन नसलेली मात्रा, अनुस्वार किंवा वेलांटी आली की ते उमटतं. बहुतेकदा दोनदा दाबली गेलेली मात्रा किंवा अक्षर आणि मात्रा यांच्या मध्ये शिरलेली मोकळी जागा हे कारण असतं. वेबपानावर मात्रा वेगळ्या रंगात दाखवायला ती वेगळ्या टॅगमध्ये घातली, तरी काही ब्राउझरांत हेच होतं.

चिन्ह टाइप कसं करायचं

विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोजची कळ धरून टिंबाची कळ दाबली की इमोजीचा फलक उघडतो. त्याच्या वरच्या पट्टीत चिन्हांचा वेगळा विभाग आहे. त्यात चलनं, बाण, गणिताची चिन्हं आणि विरामचिन्हं नीट लावलेली सापडतात. ₹ रोज लागत असेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये ‘इंग्रजी (भारत)’ हा कीबोर्ड जोडून घ्या, म्हणजे उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतो. अमेरिकी इंग्रजी कीबोर्डवर ही सोय नाही. कळीवर ₹ छापलेला असूनही तो उमटत नाही, ही तक्रार बहुधा तिथूनच येते.

वर्डमध्ये ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर 8377 दाबलं तरी ₹ येतो. हीच युक्ती सगळीकडे चालत नाही. बऱ्याच जुन्या प्रोग्रॅमना २५५ च्या पुढचा क्रमांक कळत नाही. ते २५६ ने भागून उरलेली बाकी घेतात. ८३७७ ची बाकी १८५ येते आणि ₹ ऐवजी चौकट आखायची ╣ ही खूण उमटते. ती दिसली तर बोट चुकलं असं समजू नका, वरचा फलक वापरा.

मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र दाबा. आयफोनवर शून्याची कळ दाबून धरली की ° मिळतो, डॅशची कळ धरली की – आणि • मिळतात. अँड्रॉइडवर जीबोर्डमध्ये १ ची कळ धरली की ½, ¼ हे अपूर्णांक येतात.

चिन्हासारखं दिसणारं दुसरं काही चालवून घेऊ नका. ‘२५० ग्रॅम × ४’ मध्ये इंग्रजी अक्षर ‘एक्स’ घालणं, ३८° सेल्सिअसमध्ये अंशाऐवजी वर चढवलेलं शून्य घालणं, अभंगाच्या ओळीअखेर । ऐवजी | ही उभी रेघ घालणं, हे सगळं डोळ्याला चालून जातं. पण शोधताना, नक्कल करताना आणि मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते फसतं.

वर्ड स्वतःहून करत असलेले दोन बदलही ओळखून ठेवा. दोन डॅश आणि > लिहिलं की तो बाण बनवतो आणि हसरा चेहरा लिहिला की गोल चेहरा बनवतो. पण या दोन्हींना तो ‘विंगडिंग्ज’ नावाच्या चित्र-फाँटाचा आधार घेतो. ज्याच्याकडे तो फाँट लागू होत नाही, त्याला चेहऱ्याच्या जागी इंग्रजी ‘जे’ दिसतो आणि बाणाच्या जागी तिरक्या रेघेचा ‘ए’. वाक्याच्या शेवटी एकटाच ‘जे’ आलेले ईमेल पुष्कळांनी पाहिले असतील. फाइल मेनूतून ऑप्शन्स, मग प्रूफिंग, मग ऑटोकरेक्टमध्ये जाऊन या दोन ओळी काढून टाका आणि खरा → फलकातून घ्या.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांचंही हेच. त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण साठवलं जातं ते इंग्रजी अक्षर. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मगच ईमेलमध्ये किंवा पानावर चिकटवावा. बदलून झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं डोळ्याखालून घालावीत. बदलणारे प्रोग्रॅम याच जागी सगळ्यात जास्त चुकतात.

वेबपानावर: थेट लिहा, नाहीतर कोड द्या

पानाच्या हेड भागात अगदी सुरुवातीला, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, मेटा टॅगमध्ये चारसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असल्याचं जाहीर करा. शीर्षकाचा टॅग त्याच्या नंतर येऊ द्या. फाइलही त्याच पद्धतीत साठवलेली हवी. जुन्या नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना खाली एन्कोडिंगची चौकट असते, तिथे ‘एएनएसआय’ राहिलं तर सगळं मराठी प्रश्नचिन्हांत जातं. एवढं करूनही पान बिघडलेलं दिसलं तर सर्व्हरकडे पाहा. सर्व्हर स्वतः वेगळी पद्धत जाहीर करत असेल, तर ब्राउझर मेटा टॅगपेक्षा त्याचं ऐकतो.

हे जमलं की ₹, ©, → थेट टाइप करायला काहीच हरकत नाही. कोड लागतात ते तीन वेळा: चिन्ह डोळ्याला दिसत नाही तेव्हा, एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) त्याचा वेगळा अर्थ लावतं तेव्हा, किंवा मजकूर कुठल्या जुन्या यंत्रणेतून जाणार याची खात्री नसते तेव्हा. कोडची रचना सोपी आहे: & मग # मग क्रमांक, आणि शेवटी ;

₹ &#8377;
© &#169;
™ &#8482;
° &#176;
× &#215;
½ &#189;
– &#8211;
‘ ’ &#8216; &#8217;
“ ” &#8220; &#8221;
→ &#8594;
✓ &#10003;
★ &#9733;
☎ &#9742;
। ॥ &#2404; &#2405;
ऽ &#2365;
ॐ &#2384;

कोडमधले आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्डवरून &#८३७७; लिहिलं तर ब्राउझर ते जसंच्या तसं छापतो. मराठी पानांवर ही चूक वारंवार होते, कारण लिहिणारा मजकुराच्या ओघात असतो आणि कीबोर्ड बदलायला विसरतो. शेवटचा ; गाळू नका. आणि & हे चिन्ह मजकुरात हवं असेल तर &#38; लिहा, < साठी &#60; लिहा.

पानावर ₹ ऐवजी कोडच दिसत असेल तर तो बहुधा दोनदा सुरक्षित केला गेलाय. वर्डप्रेससारख्या ठिकाणी नेहमीच्या लेखन-चौकटीत कोड चिकटवला की त्यातलं & स्वतःच &#38; होतं. कोड घालायचा तो एचटीएमएलच्या दृश्यात जाऊन, किंवा कोड सोडून सरळ चिन्हच टाइप करा.

न दिसणाऱ्या चिन्हांत सगळ्यात उपयोगी &#160; आहे, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. ‘रु.’ ओळीच्या शेवटी आणि ‘२,५००’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, हे मोबाइलवर सतत होतं. रु.&#160;२,५०० किंवा ५&#160;किलो असं लिहिलं की जोडी फुटत नाही. ₹२,५०० मध्ये मध्ये जागाच नसते, त्यामुळे तिथे याची गरज नाही. याच चिन्हाची दुसरी बाजूही माहीत हवी. पानावरून रक्कम उचलून एक्सेलमध्ये चिकटवली की ही जागा सोबत येते आणि बेरीज होत नाही. साधी जागा काढणारी युक्ती तिला लागू पडत नाही, शोधा-बदलामध्ये तीच जागा नक्कल करून घालावी लागते.

पानाचे लेख आणि प्रतिक्रिया मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठत असतील तर तक्त्याची पद्धत ‘यूटीएफ८एमबी४’ आहे ना, ते पाहा. नुसती ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपर्यंतच घेते. देवनागरी आणि ₹ तीन बाइटांचे, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. पहिली चार बाइटांची इमोजी आली की मजकूर तिथेच कापला जातो किंवा साठवायलाच नकार मिळतो. मोडी लिपीही चार बाइटांची आहे. २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये ती आली, आणि मोडीचे नमुने देणाऱ्या पानांना हा फटका पहिल्याच अक्षराला बसतो.

मराठीची स्वतःची नाजूक चिन्हं

₹ चुकला तर निदान दिसतो तरी. इथल्या चुका डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ घ्या. एक डोंगरांमधल्या, दुसरा समुद्र. ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ आणि ‘आचार्यांना मानधन दिले’ यांत तर पैसे कुणाला मिळाले तेच बदलतं. हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिली तऱ्हा ऱ (२३५३) आणि हलन्त. दुसरी तऱ्हा साधा र (२३५२), हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, ज्याचा क्रमांक ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण तो जोडक अदृश्य आहे आणि मजकूर ‘साफ’ करणारे कित्येक प्रोग्रॅम अदृश्य चिन्हं काढून टाकतात. जोडक गेला की दऱ्यांचा दर्या होतो आणि कुणालाही चूक झाल्याचं कळत नाही. म्हणून नेहमी पहिली तऱ्हा वापरा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट धरलं की ऱ मिळतो. एकाच संकेतस्थळावर दोन्ही तऱ्हा मिसळल्या तर ‘दुसऱ्या’ शोधल्यावर निम्मेच लेख सापडतात.

विसर्गाचंही तसंच. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे दोन ठिपके घातलेले किती दिसतात! आकार जवळचा आहे, पण शब्द तिथे तुटतो. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम त्याचे दोन तुकडे करतो आणि शोधात तो सापडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून शून्याशेजारची डॅशची कळ दाबा. जुन्या लेखांत दुरुस्ती करताना सगळे : एका झटक्यात बदलू नका, वेळा आणि याद्याही बिघडतील. ‘दु:’, ‘स्वत:’, ‘अंत:’, ‘प्रात:’ असे शब्द एकेक करून बदला.

हलन्त दाखवायचा असेल, म्हणजे जोडाक्षर होऊ द्यायचं नसेल, तर हलन्तानंतर &#8204; द्या. व्याकरणाच्या पानांवर आणि संस्कृत उद्धरणांत हे लागतं.

‘अ‍ॅप’मधलं पहिलं अक्षरही दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली, ॲ हे स्वतंत्र अक्षर आलं (क्रमांक २४१८). त्यापूर्वी अ वर चंद्र चढवून काम भागवत असत आणि अजूनही पुष्कळ कीबोर्ड तेच करतात. कुठलंही एक ठरवा आणि संपूर्ण संकेतस्थळावर तेच ठेवा. मुख्य पानावर ॲ असेल आणि शोधणारा दुसऱ्या तऱ्हेने लिहीत असेल, तर शोधयंत्रणेत दोन्ही रूपं एकच मानायची सोय करून घ्या.

ईमेलमध्ये वेगळं काय

विषयाच्या ओळीत आणि साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये वरचे कोड चालत नाहीत. &#8377; लिहिलं तर वाचणाऱ्यालाही &#8377; च दिसतं. तिथे चिन्ह थेटच टाइप करायचं.

विषयाची ओळ मुळात फक्त साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनलेली. मराठी विषय १९९६ मध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार लहान लहान तुकड्यांत गुंडाळून जातो. एका तुकड्याची मर्यादा ७५ अक्षरं. त्यातली बारा वेष्टनात जातात, आणि उरलेल्या जागेत देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हं बसतात. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हं वेगळी मोजायची. म्हणजे ‘देखभाल शुल्क’ एवढ्यानेच तुकडा भरत येतो. तुकडा अक्षराच्या मधोमध कापायचा नाही असा नियम आहे. एकगठ्ठा ईमेल पाठवणारी काही साधनं तो पाळत नाहीत. विषयाच्या मधोमध एखादाच � दिसत असेल आणि बाकीचा विषय ठीक असेल, तर साधन बदला. तोवर विषय छोटा ठेवा आणि रक्कम, तारीख सुरुवातीला घ्या.

विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन ‘इंटरनॅशनल ऑप्शन्स’मध्ये जाणाऱ्या ईमेलसाठी यूटीएफ-८ निवडा आणि एन्कोडिंग आपोआप ठरवण्याची खूण काढा.

एक्सेलमधल्या यादीवरून प्रत्येकाला नावानिशी ईमेल जाणार असतील, तर बिघाड बहुधा ईमेलमध्ये नसून यादीतच होतो. यादी साठवताना एक्सेल सीएसव्हीचे (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराचे) एकापेक्षा जास्त पर्याय देतं. नुसता ‘सीएसव्ही’ घेतला तर नावं आणि ₹ सगळ्यांची प्रश्नचिन्हं होतात, आणि वर म्हटल्याप्रमाणे ती परत येत नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच घ्या. मूळ एक्सेल फाइल हाताशी राहू द्या. फोन क्रमांकाच्या रकान्यात देवनागरी आकडे असतील तर ते इंग्रजी करून घ्या, नाहीतर ईमेलमधला क्रमांक दाबून फोन लागेलच असं नाही.

☎, ✔, ❤ यांसारखी काही चिन्हं साधी आणि रंगीत अशा दोन रूपांत असतात. आयफोनवर तुमचा काळा ☎ रंगीत टेलिफोन होऊन बसतो. वेबपानावर आणि एचटीएमएल ईमेलमध्ये चिन्हाच्या लगेच नंतर &#65038; दिलं की साधं रूप मागितलं जातं. रंगीतच हवं असेल तर &#65039; द्या.

सजावट बेतानेच करा. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारखा वाचक-प्रोग्रॅम वापरतात, आणि सूचनेच्या वर-खाली वीस-वीस ★ लावले की आधी ‘स्टार स्टार स्टार’ ऐकावं लागतं, मग पाणी कधी बंद राहणार ते कळतं. वेबपानावर निव्वळ शोभेच्या चिन्हांना ‘एरिया-हिडन’ (aria-hidden) हा गुणधर्म लावा, म्हणजे ती वाचली जात नाहीत. ईमेलमध्ये एखाद-दुसरं चिन्ह पुरे. ✓ आणि ✗ मध्ये महत्त्वाचा अर्थ असेल, तर शेजारी ‘भरले’ आणि ‘बाकी’ हे शब्दही लिहा.

पाठवण्यापूर्वी एक चाचणी ईमेल तीन ठिकाणी उघडून पाहा: अँड्रॉइड फोनवर, आयफोनवर आणि विंडोजच्या शक्य तितक्या जुन्या संगणकावर. चाचणीच्या मजकुरात ही एक ओळ ठेवा: ₹२,५०० । दऱ्या-दर्या । दुःख । ॲप । ५ × ४ → २०. यातलं सगळं तिन्ही ठिकाणी नीट उमटलं, आणि ती ओळ तिथून उचलून परत स्वतःला पाठवल्यावरही दऱ्या आणि दर्या वेगळे राहिले, की यादीतल्या सगळ्यांना पाठवा.